सही आणि सनद

कागदाच्या तळाशी आपण 'सही' करतो तेव्हा एक अरबी शब्द वापरत असतो, हे वर्गात सांगितले की मुलांना गंमत वाटते. 'सहीह' म्हणजे निर्दोष, खरे, ज्यात खोट नाही असे. 'सहीह बुखारी' या हदीस-ग्रंथाच्या नावातला शब्द आणि तलाठ्याच्या 'इथे सही करा'मधला शब्द एकच आहे. उर्दूत मात्र आपण सहीला सही म्हणत नाही, दस्तखत म्हणतो. 'दस्त' म्हणजे हात आणि 'खत' म्हणजे लिखाण. जुन्या मराठी कागदांतला 'दस्तुरखुद्द' हा शब्दही याच कुळातला. आज आपण तो 'स्वतः जातीने' अशा अर्थाने वापरतो, पण मुळात तो स्वतःच्या हातच्या अक्षरासाठी होता.

म्हणजे मराठी शब्द विचारतो, हे खरे आहे का? उर्दू शब्द विचारतो, हात कोणाचा? जुन्या फोटोवरची सही पाहताना हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, आणि बहुतेक घोटाळा ते एकत्र केल्याने होतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या भागात घरात उर्दू बोलणारे पुष्कळ, पण लिपी वाचणारे कमी होत चालले आहेत. त्यामुळे लोक जुने कागद घेऊन येतात. निकाहनामा, कबाला, कुणाच्या आजोबांची वही, पत्रे. त्यात कधी कधी फोटोही असतात आणि फोटोवर सही असते. 'सर, ये किसकी दस्तखत है?' या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'असली है क्या?' पहिल्याचे उत्तर लिपी येणारा कोणीही देईल. दुसऱ्यासाठी भिंग घ्यावे लागते.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात जरा जास्तच येतो, आणि त्याला कारण आहे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले. त्या शेगावचे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्या दहा-बारा वर्षांत या लहानशा गावी कोण आले नाही? १९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर बादशाह खान वर्ध्यात राहिले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात इथूनच त्यांना पुन्हा अटक झाली. मौलाना आझाद काँग्रेसचे अध्यक्ष असताना, जुलै १९४२ मध्ये, 'छोडो भारत'चा ठराव कार्यसमितीने वर्ध्यातच केला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ची शिक्षण परिषद वर्ध्याची, आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. बी.एड.च्या पेपरात 'वर्धा शिक्षण योजना' हा हमखास प्रश्न असे. आम्ही तो पाठ करून लिहिला, पण ही सारी माणसे आपल्याच स्टेशनवर उतरली होती हे तेव्हा डोक्यात शिरले नव्हते.

एवढी माणसे आली तर त्यांच्या सह्याही इथल्या घरांत राहिल्या असणार, असे लोकांना वाटते आणि ते चूक नाही. गांधीजी सही फुकट देत नसत. हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत आणि मग सही करत. त्या काळी पाच रुपये ही गरिबाच्या खिशातली रक्कम नव्हती. ते उर्दू लिहायला शिकले होते, रैहाना तय्यबजी त्यांना उर्दू शिकवत आणि त्यांना ते उर्दूतून पत्रे लिहीत. १९४२ मध्ये वर्ध्याला हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली तीच मुळी नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या लोकांनी शिकाव्यात म्हणून. तेव्हा त्यांची उर्दू सही दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नये, आणि नागरी सही दिसली म्हणून लगेच डोळे मिटून विश्वासही ठेवू नये.

आता मुद्द्याचे. जुन्या फोटोवर सही किती तऱ्हांनी येऊ शकते?

पहिली तऱ्हा, माणसाने स्वतः फोटो हातात घेऊन लेखणीने केलेली. दुसरी, त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेली. हॉलिवूडची नटी जीन हार्लो हिच्या चाहत्यांना गेलेल्या कितीतरी फोटोंवर तिच्या आईने सह्या केल्या होत्या, हे संग्राहकांना चांगले ठाऊक आहे. तिथे शाई खरी, लेखणी खरी, हात तेवढा दुसऱ्याचा. तिसरी तऱ्हा, रबरी शिक्क्याची. चौथी, फोटोतच उतरवलेली किंवा छापलेली सही, म्हणजे एकदा काचेवर, फिल्मवर किंवा ब्लॉकवर सही घेतली की हवे तेवढे फोटो सहीसकट तयार. नेत्यांच्या आणि सिनेनटांच्या पोस्टकार्डांवर अशा सह्या सर्रास असत. पाचवी तऱ्हा यंत्राची. लेखणी धरलेला यंत्राचा हात साच्यावरून सही गिरवतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या अशा यांत्रिक सह्यांवर चार्ल्स हॅमिल्टन या जाणकाराने १९६५ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले.

आमच्याकडे येणारे फोटो बहुतेक तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेचे असतात. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतो ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, खिडकीतला उजेड आणि थोडा वेळ पुरतो.

रबरी शिक्क्याची सही आधी पाहू. रबर कागदावर दाबले की शाई मधून सरकून कडेला जाते. म्हणून भिंगाखाली रेषेची किनार गडद आणि पोट फिके दिसते. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी शाई सारखीच. माणूस लिहितो तेव्हा लेखणी टेकते, दाबते, वळणावर हळू होते, शेवटी उचलत निघून जाते. त्यामुळे रेषेचे टोक बारीक होत संपते. शिक्क्याची रेषा मात्र कापल्यासारखी बोथट संपते. कधी रबराची कड लागून सहीच्या आजूबाजूला जांभळट ठिपके पडलेले असतात, कधी फोटोचा चकचकीत पृष्ठभाग शाई धरत नाही म्हणून एखादे अक्षर अर्धेच उठलेले असते.

दुसरी खूण रेषा एकमेकींना छेदतात त्या जागी. हाताने लिहिलेल्या सहीत एक रेषा दुसरीवरून जाते आणि तिथे शाई दुप्पट होते, चौकाचा रंग गडद होतो. शिक्क्यात वर-खाली असे काही नसते. मराठी सहीत शिरोरेषा पाहा. नागरी लिहिणारा आधी अक्षरे काढतो आणि मग वरून रेघ ओढतो, त्यामुळे रेघ अक्षरांच्या डोक्यावरून गेलेली दिसते. मोडीत उलट, आधी रेघ मारून मग अक्षरे तिला टांगत. उर्दू सहीत 'काफ'ची वरची तिरपी रेघ आणि नुक्ते शेवटी पडतात. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे दौतीत बुडवलेल्या टाकाची भरपूर शाई उजव्या टोकाला आणि सुकत आलेली डाव्या टोकाला. लिपी न येणारा नक्कल करतो तेव्हा तो सही चित्रासारखी काढतो, कुठूनही सुरुवात करतो, आणि शाईचा हा प्रवास उलटा होतो.

हे सगळे मला कुठल्या ग्रंथाने शिकवले नाही. विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकांनी शिकवले. 'पालकांची सही' या रकान्यात स्वतः सही करून आणणारी मुले दर वर्षी भेटतात. वडिलांची सही मुलाच्या हातून फार सावकाश होते, रेघ थरथरते, मध्येच पेन उचललेले दिसते, आणि महत्त्वाचे म्हणजे ती मागच्या महिन्याच्या सहीशी फारच जुळते. खऱ्या बापाची सही घाईत असते आणि दर महिन्याला थोडी वेगळी असते. अंगठा असेल तर मात्र मुलांचा नाइलाज होतो. आईचा निळा अंगठा मी कधी तपासत बसत नाही.

तीच गोष्ट फोटोंची. माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. दोन फोटोंवरच्या सह्या एकावर एक ठेवून रेघेला रेघ जुळल्या, तर त्या शिक्क्याच्या, छापाच्या किंवा यंत्राच्या. उलट, वेगळेपणा दिसला म्हणून सही लगेच खोटी ठरत नाही. गांधीजी उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत. १९०९ साली जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिताना त्यांनी कितीतरी पाने डाव्या हाताने लिहिली. दोन हातांचे वळण एक कसे असेल? शिवाय त्यांच्या अनेक पत्रांचा मजकूर महादेवभाई देसाईंच्या किंवा प्यारेलालजींच्या हातचा आणि खाली सही त्यांची स्वतःची, असेही असे. मजकुराचे अक्षर वेगळे आहे एवढ्यावरून सहीला दोष देता येत नाही.

चौथ्या तऱ्हेची, म्हणजे फोटोतच उतरलेली सही फसवी असते, कारण तिच्यात मूळ हाताचा जाड-बारीकपणा जसाच्या तसा येतो. तिच्यासाठी फोटो उजेडात तिरपा धरावा. शाईने केलेली सही फोटोच्या चकाकीवर बसते, उजेड त्या रेषेवर वेगळा उमटतो, जणू पाण्यावर तेलाचा माग. फोटोतच असलेल्या सहीवरून चकाकी अखंड सरकते, रेष खाली आणि काच वर असल्यासारखी. काळ्या कोटावर सही पांढरी दिसत असेल तर ती बहुधा मूळ फिल्मवरच केलेली असते. फिल्मवरचे काळे कागदावर पांढरे येते. आणि फोटो छापखान्याचा असेल तर भिंगाखाली सगळे चित्र ठिपक्यांचे दिसते. सहीसुद्धा ठिपक्यांची असेल, तर पुढचे बोलणे संपले.

लेखणीचे वयही विचारावे. बॉलपेन बाजारात आले ते १९४५ च्या आसपास, जाड टोकाची फेल्टपेने सर्रास झाली ती तर त्याहूनही नंतर. १९३८ च्या फोटोवर १९३८ सालीच फेल्टपेनने सही झाली, असे कोणी सांगू लागला तर त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. आणि एक काम कधीही करू नये. ओले बोट लावून शाई पुसते का ते पाहणे. खरी सही याच परीक्षेत मरते.

इथपर्यंत वाचून शिक्का म्हणजे लबाडी असे कोणाला वाटेल. तसे नाही. शिक्क्याला आपल्याकडे मोठा मान होता. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी राजांना पत्रे पाठवायची ठरवली तेव्हा सांगण्यात आले की मोहोर नसलेले पत्र ते वाचत नाहीत. म्हणून चांदीची अंगठी घडवली गेली, तिच्यावर तीन ओळींत नाव कोरले होते. पुढे ती अंगठी हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात अरीसच्या विहिरीत पडली आणि शोधूनही सापडली नाही. शिवाजी महाराजांची पत्रे चिटणीस लिहीत, माथ्यावर मुद्रा उमटे आणि शेवटी मर्यादेचा छोटा शिक्का, म्हणजे त्याखाली कोणी ओळ घुसडू नये. गावचा पाटील कागदावर 'निशाणी नांगर' करी. शाळेतल्या प्रमाणपत्रांवरसुद्धा सहीचा शिक्का मारलेला असतो आणि ते प्रमाणपत्र खोटे नसते. शिक्का सांगतो की हे या अधिकाराने निघाले. हात सांगतो की त्या क्षणी तो माणूस या कागदाशी होता. शिक्क्याला हात म्हणून विकले किंवा मिरवले, की तिथे खोट येते.

मग हात खरा हे फक्त शाईवरून ठरवायचे का? इथे आपल्या मुहद्दिसांची पद्धत आठवते. त्यांच्यापुढे एखादे वचन आले की ते दोन गोष्टी पाहत. एक मतन, म्हणजे खुद्द मजकूर. दुसरी सनद, म्हणजे हे कोणी कोणाकडून ऐकले त्याची साखळी. मराठीत आपण सनद म्हणजे हक्काचा लेख समजतो. मूळ अर्थ आधार, टेकू. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का, हे तपासले जाई. मग ठरे, सहीह की हसन की जईफ. जईफ म्हणजे कमकुवत. कमकुवत म्हणजे बनावट नव्हे, बनावटीला मौजू हा वेगळा शब्द होता. आणखी एक बारीक प्रकार होता, मुदरज. सांगणाऱ्याने खुलासा म्हणून स्वतःचे दोन शब्द जोडले आणि पुढच्याने ते मूळ वचनाचाच भाग समजून सांगितले. कोणाचाही हेतू वाईट नसताना मजकूर वाढायचा. फोटोच्या बाबतीत शाई म्हणजे मतन आणि घरातली हकीकत म्हणजे सनद. दोन्ही पाहावी लागतात.

मुदरज शिकवताना उदाहरण शोधावे लागे. अलीकडे ते घरबसल्या मिळाले.

जिल्ह्यातल्याच एका गावचे कुटुंब. त्यांचे आजोबा वर्धा स्टेशनवर टांगा हाकत. सेवाग्राम तिथून आठ किलोमीटर, पाहुण्यांची ने-आण टांग्यानेच होई. घरात गांधीजींचा एक फ्रेम केलेला फोटो, खाली नागरी सही. सगळ्या खानदानात माहीत की दादांना बापूंनी सही करून दिली. नातू माझ्या ओळखीचा. मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याच्या मुलीने दोन ऑक्टोबरच्या भाषणात ही गोष्ट सांगितली. कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांपैकी एकाने हसत हसत विचारले, 'पुरावा आहे का?' विचारणाऱ्याच्या मनात काय होते, अल्लाह जाणे. पण बापाला ते लागले. अशा प्रश्नांची त्याला सवय आहे, मलाही आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना असेल. आपले या मातीशी नाते सांगायला गेलो की समोरचा कागद मागतो. त्यातच जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेला होता आणि सही असली निघाली तर चांगली रक्कम देतो म्हणाला होता. नातू फोटो घेऊन माझ्याकडे आला. बरोबर त्याची म्हातारी फुफी, म्हणजे त्या टांगेवाल्याची मुलगी.

मी फोटो खिडकीशी नेला, तिरपा धरला. चकाकी सहीवरून अखंड गेली. भिंग लावले. सही फोटोतच होती. त्या फोटोच्या जेवढ्या प्रती निघाल्या असतील तेवढ्यांवर हीच सही असणार.

असे सांगणे सोपे नसते. दोन क्षण मनात आले की 'सांगता येत नाही' म्हणावे आणि सुटावे. पण बातमी आली की शहानिशा करा, ही आपल्याला दिलेली शिकवण आहे, आणि ती फक्त दुसऱ्यांच्या बातम्यांसाठी नाही. उद्या तोच पाहुणा भिंग घेऊन आला असता तर त्या मुलीची मान खाली गेली असती. मी सांगितले, सही बापूंचीच आहे, पण या कागदावर केलेली नाही, छापलेली आहे.

नातू गप्प झाला. फुफी म्हणाली, 'तो क्या अब्बा झूठ बोले?'

मग आम्ही सनद तपासली. मी विचारले, फुफीजान, अब्बा नेमके काय म्हणायचे, त्यांचे शब्द आठवा. तिने बराच वेळ डोळे मिटले. म्हणाली, 'अब्बा बोलते थे, ये बापू की सही है।' एवढेच. आणि 'मुझे दी' असे? तेवढे शब्द तिने अब्बांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ते तिच्या भावाने, म्हणजे नातवाच्या वडिलांनी, पुढे सांगताना आले होते. तेही साहजिक होते. टांगा सेवाग्रामला जायचा, घरात सहीचा फोटो होता, दोन्हींच्या मधली जागा प्रेमाने भरून निघाली. आजोबा जे म्हणाले त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

फ्रेम जुनी, मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. फोटो नीट ठेवायचा तर ती उघडणे भागच होते. नातवाने दुकानातल्या बारीक हत्यारांनी खिळे काढले. पुठ्ठा सरकला आणि फोटोच्या पाठीवर उर्दूतल्या तीन ओळी दिसल्या. घरात कोणालाच उर्दू वाचता येत नव्हते, आणि फ्रेम कधी उघडलीच गेली नव्हती.

पहिल्या ओळीत आजोबांचे नाव आणि 'टांगेवाला, वर्धा'. दुसरीत किंमत, बारा आणे, आणि शब्द 'खरीदा'. तिसरीत महिना आणि साल, रबीउस्सानी १३६७ हिजरी. खाली दस्तखत.

रबीउस्सानी १३६७ म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा दुसरा आठवडा, १९४८. गांधीजींना जाऊन दोन आठवडे ते सहा आठवडे झाले होते. पवनारला धाम नदीत त्यांच्या अस्थी विसर्जित झाल्या त्याच दिवसांच्या आसपासची ही खरेदी. १३ ते १८ जानेवारीचे त्यांचे शेवटचे उपोषण दिल्लीत झाले, ते तिथले मुसलमान सुरक्षित राहावेत म्हणून, आणि ते संपून पंधरा दिवस होण्याआधी ते मारले गेले. फाळणीला सहा-सात महिने झालेले. त्या दिवसांत एका मुसलमान टांगेवाल्याच्या मनात काय चालले असेल, ते त्याने लिहून ठेवलेले नाही. त्याने बारा आणे मोजून फोटो घेतला, मागे आपल्या हाताने नाव आणि महिना लिहिला, आणि तो भिंतीवर लावला, एवढे कागद सांगतो.

मी त्या दस्तखतीला भिंग लावले. उजवीकडे शाई दाट, डावीकडे फिकट होत गेलेली. 'काफ'ची रेघ नंतर ओढलेली, चौकात गडद. एका नुक्त्याशी टाक जरा जास्त टेकला होता, तिथे डाग पडलेला. फुफीला अक्षर वाचता येत नव्हते. तिने फक्त विचारले, 'अब्बा का हाथ है?' मी म्हणालो, होय, अब्बांचाच. तिने पदराच्या टोकाने बोट पुसले आणि त्या ओळींच्या वर, कागदाला न लावता, हवेतच फिरवले.

व्यापाऱ्याचा नंतर फोन आला नाही. फोटो घरातच आहे. आता त्याच्या बाजूला मागच्या ओळींची झेरॉक्स लावली आहे आणि खाली मराठीत अर्थ. मुलीने भाषण बदलले आहे. पूर्वीच्या भाषणात एक मोठा माणूस तिच्या पणजोबांना काहीतरी देत होता. आताच्या भाषणात तिचे पणजोबा स्वतः काहीतरी करतात. पुरावा मागणाऱ्याला आता ती कागद उलटून दाखवू शकते. पण मला वाटते, तिने तो कोणाला दाखवावा लागू नये. आणि दाखवला नाही तरी तो तिथे आहे.

वाचकांना दोन-तीन विनंत्या. जुने फोटो प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, मग पुढे कोणालाही काही तपासता येत नाही. फिकट झालेल्या सहीवरून पेन फिरवू नका. मागे काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. फ्रेम कधी उघडावी लागली तर पाठ आधी पाहा, तिचा फोटो काढून ठेवा. घरातल्या जुन्या माणसांना विचारा की हा फोटो कोणी आणला, तुम्हाला कोणी सांगितले, नेमके काय शब्द वापरले, आणि ते तसेच, स्वतःचे काही न जोडता, तारीख घालून लिहून ठेवा. हीच तुमची सनद. सही खोटी निघाली तरी ती टिकते.

आणि पाठीवर मोडीत किंवा उर्दूत काही खरडलेले दिसले, तर गावात वाचणारा शोधा. मशिदीतले इमामसाहेब, एखादे निवृत्त गुरुजी, जुने वकील. आम्ही पुष्कळजण हे काम आनंदाने करतो, पैसे घेत नाही. फक्त फार उशीर करू नका. शाई अजून काही वर्षे टिकेल. ती वाचणारे मात्र आमच्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.